आर्ताचा नंबर पहिला (गीता ७.१६)

आजचं वाचन गीतेच्या सातव्या अध्यायातलं, श्लोक सोळा ते अठरा. ज्यांचं पाठ आहे त्यांना लगेच आठवेल. भगवान अर्जुनाला सांगतात की मला भजणारी पुण्यवान माणसं चार प्रकारची असतात. एक आर्त, म्हणजे दुःखाने पिचलेला. दुसरा जिज्ञासू, ज्याला देव म्हणजे काय ते जाणून घ्यायचंय. तिसरा अर्थार्थी, ज्याला काहीतरी हवंय. चौथा ज्ञानी. ज्ञानी मला फार प्रिय, असं देव पुढे म्हणतात खरे, पण लगेच हेही सांगतात की हे सगळेच थोर आहेत.

मी इंजिनिअर माणूस. चार गोष्टी एका ओळीत दिसल्या की मला त्यात लेव्हल दिसतात. कित्येक वर्षं मी हा श्लोक तसाच वाचला. आर्त म्हणजे लेव्हल एक, ज्ञानी म्हणजे लेव्हल चार. आर्त म्हणजे तो, ज्याला अडचण आली की देव आठवतो. आपल्याकडे हे टोमणा म्हणूनच बोलतात ना, "आता बरा देव आठवला!" मी स्वतःला दोन नंबरला धरायचो. ज्ञानेश्वरी वाचतो, चर्चा करतो, प्रश्न विचारतो, म्हणजे जिज्ञासू. उगाच काही मागत बसत नाही. याचा मला थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

हा अभिमान कुठे उतरला ते आज लिहितो. जागा आहे तोरंगण घाट, मोखाड्याच्या पुढे, त्र्यंबकच्या अलीकडे.

आमचं घर जव्हारला. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना जव्हार म्हटलं की दाभोसा धबधबा आणि राजवाडा आठवतो. आमच्यासाठी वर्षातली मोठी गोष्ट म्हणजे पौष वारी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तीनाथांची यात्रा भरते. पंढरपूर आम्हाला लांब. निवृत्तीनाथ मात्र चालत तीन दिवसांवर. तोवर भात झोडून झालेलं असतं, थंडी पडलेली असते आणि आमच्या भागातल्या पाड्यापाड्यांवरून दिंड्या निघून घाट चढायला लागतात. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आता रिटायर. ते या दिंडीतले जुने टाळकरी.

२०२४ साली ही एकादशी ६ फेब्रुवारीला, मंगळवारी होती. दिंडी शुक्रवारी निघाली. बाबांना खोकला झाला होता, म्हणून आईने त्यांना जाऊ दिलं नाही. ते दोन दिवस रुसल्यासारखे होते. मी शनिवार-रविवार म्हणून घरी आलो होतो, पण सोमवारी आमची रिलीज होती, त्यामुळे लॅपटॉप उघडाच. रात्री साडेनऊच्या सुमारास बाबा दारात आले आणि काहीतरी म्हणाले. मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं, "पाच मिनिटं, बाबा." ते परत काहीतरी बोलले आणि गेले. पाच मिनिटांची दोन तास झाली. मी बाहेर आलो तेव्हा दिवा बंद होता.

पहाटे तीनला आईने उठवलं. बाबा पलंगावरून अर्धे खाली आले होते. उजवा हात हलत नव्हता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि ते बोलायला बघत होते पण नुसता आवाज येत होता. गावातल्या डॉक्टरांनी बघून लगेच सांगितलं, लकव्यासारखं दिसतंय, मेंदूचा स्कॅन पाहिजे, वेळ घालवू नका, नाशिकला न्या. आम्ही १०८ ला फोन केला. (जपाच्या माळेत १०८ मणी आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबरही १०८. हे मला त्या रात्री सुचलं नाही, फार नंतर सुचलं.)

जव्हार ते नाशिक ऐंशीएक किलोमीटर. मध्ये मोखाडा, मग तोरंगणचा घाट, मग त्र्यंबक. आई पुढे बसली, मी मागे बाबांजवळ.

त्या गाडीत मी प्रार्थना केली. कशी केली ते सांगतो, कारण आपण प्रार्थनेबद्दल लिहिताना ती फार सुंदर करून लिहितो. माझी प्रार्थना म्हणजे सौदा होता. वेळेत पोचू दे, मी हे सोडीन. बाबा बोलू दे, मी पुढच्या वर्षी चालत येईन. फोनवर 'स्ट्रोक' टाकून वाचत होतो आणि मध्येच देवाला हाक मारत होतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मी तिथेच वाचलं. मग मागणं अजून नेमकं झालं. सहाच्या आत पोचव. बस, एवढंच. रिक्वेस्ट पाठवायची, उत्तर नाही, परत पाठवायची. माझं सगळं अध्यात्म तेवढंच उरलं होतं. कुठली जिज्ञासा आणि कसलं काय.

घाटात गाडी हळू झाली. समोर मशाली नव्हत्या हो, मोबाइलचे टॉर्च होते, पण पताका ओळखू आल्या. दिंडी. पहाटेच लवकर निघाली होती. मृदंग, टाळ, थंडीने कानाला मफलर बांधलेली माणसं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. सायरन ऐकून ती कडेला सरकली. आणि मला पताकेवरचं नाव दिसलं. आमच्याच गावची दिंडी होती. बाबांची.

आत कोण आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मी काच खाली करून ओरडू शकलो असतो. नाही ओरडलो. गाडी त्यांच्या बाजूने सावकाश पुढे जात होती तेव्हा कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याने हात जोडले आणि वाकून अ‍ॅम्ब्युलन्सला नमस्कार केला. वारीत माणसं एकमेकांच्या पाया पडतात, ओळख असो नसो. त्याच सवयीने त्याने आत जो कोणी असेल त्याला नमस्कार केला असणार. कोणाचं तरी दुखणं चाललंय, त्यातही माउलीच आहे, एवढंच त्याच्या मनात असेल. किंवा काहीच नसेल.

माझा सौदा तिथे एक मिनिट थांबला. एवढंच म्हणतो. डोळे मिटले, प्रकाश दिसला, असं काही झालं नाही.

पहाटे सहाच्या आधी पोचलो. म्हणजे मी मागितलं होतं ते मिळालं! मी डॉक्टरांना सांगितलंही, तीन वाजता झालंय, तीन तासच झालेत. त्यांनी शांतपणे विचारलं, "तीनला तुम्हाला कळलं. पण शेवटचं नीट बोलताना, चालताना त्यांना कोणी पाहिलं? किती वाजता?"

आई नऊलाच झोपली होती. उरलो मी. साडेनऊ. म्हणजे आठ तास होऊन गेले होते. झटका झोपेत कधी आला ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून घड्याळ तिथून धरतात, जिथे माणूस शेवटचा धड दिसला. इंजेक्शन देता येणार नव्हतं. त्यांनी अजून विचारलं, "साडेनऊला बोलणं स्पष्ट होतं ना? जीभ जड वगैरे?"

मला सांगता आलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. ते काय बोलले तेही मी ऐकलं नव्हतं.

(हे चिंतनात बसत नाही, तरी लिहितोच. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी अचानक दिसलं तर घड्याळ बघा आणि जिथे सीटी स्कॅन होतो अशा ठिकाणी लगेच न्या. 'सकाळी बघू' म्हणू नका.)

आता निवृत्तीनाथांबद्दल. ज्यांच्या समाधीजवळून त्या पहाटे मी मान न वळवता गेलो, ते.

आपण ज्ञानोबा माउली म्हणतो, मुक्ताईचं लाड करतो. निवृत्तीनाथ मागे राहतात. थोरला भाऊ सगळ्याच घरात मागे राहतो म्हणा. पण त्यांची गोष्ट नीट बघा. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन परत संसारात आलेले, म्हणून सगळं घर वाळीत टाकलेलं. अशात ते कुटुंब त्र्यंबकेश्वरला येतं आणि ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करतं. परंपरा सांगते की एका रात्री प्रदक्षिणेच्या वाटेवर वाघ समोर आला. सगळे जीव मुठीत धरून पळाले. पुढे येऊन मोजतात तर निवृत्ती नाही. तो लहान पोरगा भिऊन भलत्याच वाटेला लागला होता आणि डोंगरातल्या एका गुहेत शिरला होता. त्या गुहेत गहिनीनाथ होते. तिथे त्याला उपदेश मिळाला. पुढे तोच त्याने ज्ञानदेवांना दिला, आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली.

कीर्तनात हा प्रसंग रंगवतात तेव्हा सगळं लक्ष गुहेवर असतं. मला आता त्या आधीचा पोरगा दिसतो. तो काही गुरू शोधायला निघाला नव्हता. जिज्ञासू नव्हता. तो घाबरून पळत होता. अंधार, मागे वाघ, आईबाप कुठे ते माहीत नाही. आपल्या सगळ्या परंपरेचा उगम या अशा पळण्यात आहे. आर्ताचा नंबर पहिला का, याचं माझ्यापुरतं उत्तर मला इथे मिळतं. देवाने चढत्या क्रमाने लेव्हल लिहिल्या असतील नसतील, ते आचार्य जाणोत. पण दार उघडायची वेळ येते तेव्हा आर्त आधीच दारावर आदळलेला असतो. गजेंद्र काय अभ्यास करून सरोवरात उतरला होता?

आणि तेवढ्यावर निवृत्तीनाथांची सुटका झाली नाही, हे महत्त्वाचं. गुरू भेटले, साक्षात्कार झाला, मग सगळं गोड, असं झालं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. तीन लहान भावंडं त्यांच्या अंगावर पडली. पुढे शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानदेवांची समाधी. बरोबर एका महिन्याने मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सासवडला सोपानदेवांची. मग वैशाख वद्यात तापीकाठी मेहुणला वीज कडाडली आणि मुक्ताई गेली. सगळ्यात थोरला सगळ्यात शेवटी उरला. मग ते त्र्यंबकला आले, जिथे लहानपणी हरवले होते त्या डोंगराच्या पायथ्याशी, आणि ज्येष्ठ वद्य द्वादशीला त्यांनी समाधी घेतली. शके १२१९, इसवी सन १२९७. तिघंही धाकटे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले, सात महिन्यांच्या आत.

नामदेवरायांनी ज्ञानदेवांच्या समाधीचे अभंग लिहिलेत त्यात निवृत्तीनाथ रडतात. हे मी पूर्वी वाचलं तेव्हा मला जरा खटकलं होतं. एवढे ज्ञानी, ज्ञानोबांचे गुरू, आणि रडतात? आता वाटतं, बरं झालं नामदेवांनी ते लपवलं नाही. समाधीवरची शिळा निवृत्तीनाथांनी लावली असं सांगतात. गुरू म्हणून शिष्याच्या समाधीला शिळा लावायची आणि भाऊ म्हणून रडायचं, दोन्ही एकाच हातांनी, एकाच डोळ्यांनी. मग तिथे ज्ञानी कोण आणि आर्त कोण, कसं वेगळं काढणार? चार प्रकारची चार माणसं असतात असं मला आता वाटत नाही. एकाच माणसाला एकाच दिवशी चारही व्हावं लागतं.

नाशिकला परत येतो. बाबा आयसीयूत होते. आई नातेवाइकांकडे, मी रात्री बाहेरच्या बाकड्यावर. दुसऱ्या रात्री, तीनच्या सुमारास, मला झोप येईना. तोच तीनचा आकडा. 'साडेनऊला काय म्हणाले असतील' हे डोक्यात सारखं गोल फिरत होतं. लॉग असता तर उघडून बघितला असता, पण बापाच्या बोलण्याचा लॉग कोण ठेवतो. मग काहीतरी करायचं म्हणून मी हरिपाठ म्हणायला लागलो. मनात, अगदी हळू. मला तो पुस्तकातून पाठ नाही, ऐकून पाठ आहे. लहानपणी संध्याकाळी बाबा म्हणायचे आणि आम्ही जेवणाची वाट बघत कंटाळत ऐकायचो. कंटाळत ऐकलेलंही आत जाऊन बसतं म्हणजे.

सुरुवातीला प्रत्येक अभंगाच्या मागे मागणं होतंच. बाबा बोलू दे. बाबा बोलू दे. बाकड्यावर शेजारी एक माणूस होता, सुरगाण्याकडचा, त्याची बायको आत होती. ओठ हलताना दिसले असतील. तो म्हणाला, "दादा, मोठ्यानं म्हणा ना. मलापण ऐकू द्या." मी लाजलो. पण म्हटलं. तो धृपद धरायला लागला. सूर दोघांचाही यथातथाच. समोर एक मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटले.

त्यात कुठेतरी माझं मागणं गळून पडलं. मी ठरवून टाकलं नाही. लक्षात आलं तेव्हा ते नव्हतं. आणि जे होतं ते, शब्द सापडत नाही म्हणून सरळ लिहितो, आनंद होता. मला त्याची लाज वाटली. आत बाप पडलाय, उजवी बाजू गेलीय, आपल्याला आनंद कसला होतोय? पण तो खुशीचा आनंद नव्हता. आपण एकटे नाही, एवढंच त्यात होतं. पण ते पुरेपूर होतं. लहानपणी ताप आल्यावर बरं वाटत नसतंच, तरी कपाळावर हात असतो तेव्हा वाटतं ना, तसं.

'आर्त' हा शब्द मला तेव्हापासून सोडत नाही. संस्कृतात तो पीडा झालेल्या माणसाला लावतात. पण आपल्या मराठीत, विशेषतः संतांच्या मराठीत, आर्त म्हणजे ओढसुद्धा. उत्कट इच्छा. एकाच शब्दात दुखणंही आहे आणि ओढही आहे. प्रार्थना बहुतेक एवढंच करत असेल, पहिल्या अर्थातून दुसऱ्या अर्थाकडे नेते. दुखणं तिथेच असतं. तुम्ही मात्र आता फक्त त्याच्याकडे बघत नसता, कोणाकडे तरी बघत असता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेल्या दोघा-तिघांनी मला ती ऐकवली होती. 'देव जे करतो ते भल्यासाठी.' 'तुला जवळ आणायला देवाने हे घडवलं.' माझ्या बाबांचा उजवा हात देवाने मला शिकवण द्यायला घेतला, असं मी म्हणणार नाही, आणि कृपा करून कुठल्या आजारी माणसाच्या घरी जाऊन तुम्हीही म्हणू नका. असा देव मला नको. भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंती श्रीकृष्णाकडे संकटंच मागते, कारण संकटात तो हमखास दिसायचा. ती स्वतःसाठी मागते, स्वतःच्या अनुभवाने मागते. ते मागणं तिला शोभतं. दुसऱ्याच्या वतीने ते मागायचा हक्क कोणालाच नाही. मला तर स्वतःसाठीही ते अजून जमत नाही, जमेल असं वाटत नाही.

बाबांना तसा देव कधीच मान्य नव्हता. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, ते तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. तेव्हा बाबा त्याच पट्ट्यात शिकवत होते. हजेरी घेताना एखादं नाव घ्यायचं आणि वर्गात कोणी काही बोलायचं नाही, असं त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. माळ त्यांनी त्याच्या पुढच्या वर्षी घातली. मी कॉलेजात असताना फार शहाणा होतो. मी विचारलं होतं, "ती पोरं मेली आणि तुम्ही माळ घातली? उलट माळ काढायला पाहिजे होती." ते चिडले नाहीत. म्हणाले, "भांडायला तरी कोणीतरी पाहिजे ना रे." मला तेव्हा ते उत्तर पळवाट वाटलं होतं.

एकादशी झाली. द्वादशीचं पारणं सोडून दिंडीतले पाच-सहा जण थेट नाशिकला आले. तोवर बाबांना जनरल वॉर्डात हलवलं होतं. डावा हात चालत होता, समजत सगळं होतं, पण शब्द येत नव्हते. पाणी मागता येत नव्हतं, आईचं नाव घेता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायचं आणि राग यायचा. वारकरी मंडळींनी कपाळाला बुक्का लावला, प्रसाद दिला आणि काय बोलावं ते न सुचून पलंगाभोवती उभी राहिली. मग एकाने टाळ्यांवर हळूच भजन धरलं. वॉर्ड आहे म्हणून अगदी दबक्या आवाजात. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी.

तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला बाबांचा आवाज आला. "राम कृष्ण हरि." स्पष्ट. डाव्या हाताने मांडीवर ठेकासुद्धा.

आई रडली, मंडळी माउली माउली करायला लागली, कोणीतरी चमत्कार म्हणालं. मीही तेव्हा म्हटलं असतं. पण दोन दिवसांनी स्पीच थेरपिस्ट ताईंनी समजावलं. बोलणं रचायचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला होतं, तिथे मार बसला की शब्द जुळत नाहीत. याला अफेजिया म्हणतात. पण गाणं, मोजणी, हजारो वेळा म्हटलेली नावं, ही वेगळ्या वाटांनीही येतात, म्हणून बोलता न येणारी माणसं कधीकधी गाऊ शकतात. म्हणजे चमत्कार नाही. मला हे ऐकून वाईट वाटलं नाही, उलट जास्तच भरून आलं. चमत्कार एका क्षणात झाला असता. हे तीस वर्षं रोज संध्याकाळी, आम्ही कंटाळत असताना, एकेक थेंब साठत आलं होतं. सगळं वाहून गेल्यावर तळाला हे राहिलं. आपण तळाला काय साठवतोय, हा प्रश्न मला तेव्हापासून घाबरवतो. माझ्या तळातून बहुतेक 'पाच मिनिटं' येईल.

आता दिवस कसे आहेत ते सांगतो. बाबा काठीने घरात चालतात. नवे शब्द थोडे आलेत, 'चहा' आलाय, 'नको' फार चांगला आलाय. पण बाकी सगळ्याला अजून 'राम कृष्ण हरि'च. पाणी पाहिजे, राम कृष्ण हरि. टीव्हीचा आवाज कमी कर, राम कृष्ण हरि. परवा मांजराने दूध सांडलं तेव्हा ते ज्या सुरात राम कृष्ण हरि म्हणाले, ती शुद्ध शिवी होती, आम्ही हसून हसून पडलो, तेही हसले. आई सूर ऐकून बरोबर ओळखते. मला दहातलं सहा वेळा जमतं.

मी परत पुण्यात असतो, कामावर. रोज रात्री साडेनऊला लॅपटॉप बंद करतो आणि व्हिडिओ कॉल लावतो. आई फोन उशीला टेकवून ठेवते. आम्ही हरिपाठ म्हणतो. शब्द मी म्हणतो, धृपदाला बाबा येतात. नेटवर्क गेलं की त्यांचा चेहरा मध्येच थिजतो आणि आवाज मागून येतो. कधी मन लागतं, कधी नाही. कधी मी म्हणत असतो आणि डोक्यात उद्याची मीटिंग असते. रोज आनंद होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण बाकड्यावरची ती ओळख पटायला रोज एकदा तिथे जाऊन बसावं लागतं, एवढं कळलंय.

गेल्या आठवड्यात हरिपाठ झाल्यावर मी धीर करून विचारलं. इतके दिवस टाळत होतो. म्हटलं, "बाबा, त्या रात्री तुम्ही दारात येऊन मला काहीतरी म्हणाला होतात. मी ऐकलं नाही. काय म्हणायचं होतं?"

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. नेटवर्क गेलं की काय असं वाटलं मला. मग डावा हात उचलून कॅमेऱ्याच्या इतका जवळ आणला की स्क्रीनवर नुसता तळहात दिसायला लागला, आणि हसत म्हणाले,

"राम कृष्ण हरि."

सूर मी ओळखू शकलो नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला नको विचारू, तुमचं तुम्ही बघा."